ज्ञानेंद्रिये आणि स्मरण
(नांदूरघाट, तालुका केज येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्ञानेंद्रियांच्या साह्याने अध्ययन व स्मरण कसे दृढ करावे, हा विषय आजच्या सभेसाठी ठरविण्यात आला आहे. विषयाचे नाव मानसशास्त्राच्या ग्रंथातील वाटते. परंतु नांदूरघाटास बसून त्याचा विचार करू लागले म्हणजे तो प्रथम आपल्या हजेरीपटात सापडतो. दसरा उलटला की केज तालुक्यातील, आणि एकंदर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील, कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. आईबापांबरोबर आपले विद्यार्थीही जातात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावीच राहू शकतात ही समाधानाची गोष्ट होय; पण सर्वच राहतात असे नाही. जी जातात ती चार-पाच महिन्यांनी, चैत्राच्या आसपास परततात. तिकडे कोपीपुढे धाकट्या भावंडास सांभाळणे, पाणी आणणे, वाढ्यांच्या पेंढ्या बांधणे यांत त्यांचा दिवस जातो. पुस्तक उघडण्यास तेथे उजेडही नसतो आणि उसंतही नसते.

जून महिन्यापासून दसऱ्यापर्यंत आपण जे शिकविले, त्यातील चैत्रात काय शिल्लक राहील, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे. शहरातील मुलाचे विसरलेले दुसऱ्या दिवशी कोणी उजळणी करून भरून काढतो. आपल्या मुलाचे विसरलेले भरून काढण्यास पाच महिने कोणीही नसते. ते परत येते, मागील धडा आठवत नाही म्हणून खाली मान घालून बसते, आणि एक-दोन वर्षांत शाळेकडे फिरकेनासे होते. स्मरणाचा विचार आपल्याकडे परीक्षेतील गुणांसाठी करून भागणार नाही. मूल शाळेत टिकणार की नाही, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.

विस्मरणाचे मोजमाप प्रथम पद्धतशीरपणे केले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने. अर्थ नसलेली अक्षरे त्याने स्वतः पाठ केली आणि किती वेळाने त्यातील किती उरतात हे टिपून १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असतो, पुढे तो मंदावतो, असे त्यास दिसून आले. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरे घेतली होती हे आपण लक्षात ठेवावे. जो धडा मुलाच्या डोळ्यांपुढे काही उभे करीत नाही, ज्याचा हातास, कानास किंवा नाकास काही पत्ता लागत नाही, तो धडा त्या मुलाच्या दृष्टीने एबिंगहाउसच्या अक्षरांसारखाच असतो, मग तो पाठ्यपुस्तकात कितीही सुंदर छापलेला असो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरील ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. १९९६ साली माजलगाव येथेही अशा ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. या ओव्या सांगणाऱ्यांपैकी कित्येक स्त्रियांस अक्षरओळख नव्हती. वही नाही, पुस्तक नाही, आणि तरी ओव्यांचे भांडारच त्यांच्या मुखात! हे कसे घडले? हातास खुंट्याची पकड, खांद्यास फेऱ्याची ओढ, कानास जात्याची घरघर, समोरच्या सोबतिणीचा आवाज, आणि ओवी ज्या सुखदुःखाची ती सुखदुःखे स्वतःच्या घरातील. एकाच गोष्टीस स्मरणात शिरण्याच्या इतक्या वाटा मिळाल्या की एखादी वाट बुजली तरी दुसरीने ती परत येई. पुष्कळ स्त्रियांस जात्यावर बसल्याखेरीज ओवी सुचत नसे, यातही हेच रहस्य आहे. खुंटा हाती आला की ओवी आपण होऊन ओठांवर येई.

जुन्या पंतोजींच्या शाळेने कानाचा उपयोग पुरेपूर केला होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे सर्व सायंकाळच्या परवच्यात एका सुरात म्हटले जाई आणि जन्मभर टिके. त्या शाळेतील छडीचे आणि अर्थाविषयीच्या अनास्थेचे समर्थन मी करणार नाही. पण तिच्याबरोबर तिचा सूरही आपण फेकून दिला, हे मात्र बरे झाले नाही. पाढा तालावर म्हणवून घेण्यास आजचा शिक्षक संकोचतो. त्यास ते मागासलेपणाचे वाटते. तालाने संख्या टिकते. ती कळण्यास चिंचोके हाती द्यावे लागतात. दोन्ही करावे. सात त्रिक एकवीस म्हणता म्हणता सात-सात चिंचोक्यांच्या तीन ओळी बोटांनी मांडल्या की कान आणि हात एकमेकांचे साक्षीदार होतात.

त्याच शाळेत धूळपाटी होती. पाटीवर धूळ पसरून मूल बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनीही खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांच्या बोटांखाली दिली होती. पुढे २००४ साली फ्रान्समधील संशोधकांनी शाळापूर्व वयाच्या मुलांवर हाच प्रयोग मोजून पाहिला. अक्षर केवळ पाहून व ऐकून शिकलेल्या मुलांपेक्षा त्यावरून बोट फिरवून शिकलेल्या मुलांस नवे शब्द अधिक चांगले वाचता आले. आपल्या धूळपाटीस मोल पडत नाही, आणि कारखान्याच्या पडावर तर पायाखाली हवी तेवढी माती असते.

महागड्या साधनांची अडचण सांगणाऱ्या बंधूंनी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे काम अभ्यासावे. १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाई व अनुताई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या आणि १९५७ साली तेथून कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरींची लाकडी साधने आदिवासी पाड्यावर कोठून यावीत? त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने घेतली आणि इंद्रियशिक्षणाचे काम त्यांवर चालविले. मूल अंगणात येत नसेल तर गुरे चारण्याच्या जागी शाळा न्यावी, या विचारातून कुरणशाळा निघाली. मूल जेथे कामासाठी जाते तेथे त्याच्याबरोबर शिक्षणाने जावे, हा विचार आपल्या ऊसतोडीच्या मुलांस किती लागू आहे हे मी वेगळे सांगावयास नको.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा आहे त्याकडे येतो. वस्तू हाती दिली, चित्र दाखविले, गाणे म्हटले, एवढ्याने आपले काम संपले असे आपण समजतो. पाठ उत्तम होतो, मुले आनंदित होतात, तपासणीस आलेले अधिकारीही प्रसन्न होतात. आणि महिन्याने विचारावे तर मुलास गाण्याची चाल आठवते, धडा आठवत नाही. याचे कारण असे की इंद्रिये ही स्मरणाच्या घरात जाण्याची दारे होत. आत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर आणण्याचा सराव ही निराळी क्रिया आहे, आणि तिच्यावाचून धारणा पक्की होत नाही.

माँटेसरींनी एद्वार सेगँ या फ्रेंच वैद्याकडून तीन पायऱ्यांचा पाठ घेतला होता. पहिल्या पायरीस शिक्षक वस्तू मुलाच्या हाती देऊन तिचे नाव सांगतो: हे खरखरीत, हे गुळगुळीत. दुसऱ्या पायरीस तो म्हणतो, खरखरीत कोणते ते दाखव. तिसऱ्या पायरीस तो वस्तूकडे बोट दाखवून विचारतो, हे कसे आहे? येथे मुलास नाव स्वतःच आठवावे लागते. आपल्या वर्गांत पहिली पायरी नेहमी होते, दुसरी कधीकधी होते, आणि तिसरीवर येईतो तासिका संपते. माझ्या मते स्मरणाचे निम्मे काम त्या तिसऱ्या पायरीवर होते.

हे केवळ माझे मत नव्हे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी दुसऱ्या वेळी पुस्तक मिटून, जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांस उताऱ्याचा सुमारे ४२ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांस सुमारे ५६ टक्के. तासिका संपताना घेतलेली चाचणी शिक्षकास कशी फसवते, हे यावरून दिसते. ते विद्यार्थी मोठे होते, आपली मुले लहान आहेत, हा भेद मी विसरत नाही. परंतु लहान मुलांच्या वर्गांतूनही आठवून सांगण्याचा लाभ दिसून आलेला आहे. म्हणून पाठ झाल्यावर पाने, बिया, तक्ता सर्व झाकून ठेवावे आणि मुलांस दोन मिनिटे गप्प बसून आठवू द्यावे. ही दोन मिनिटे शिक्षकास फार लांब वाटतात. उत्तर सांगून टाकण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. मूल अडखळते तेव्हाच त्याचे शिकणे चालू असते.

या विषयाबरोबर दोन भ्रामक समजुती हिंडत असतात, त्यांचाही निकाल लावून टाकू. वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के आणि स्वतः केलेले नव्वद टक्के लक्षात राहते, असे एक कोष्टक प्रशिक्षणवर्गांतून नेहमी फळ्यावर येते. ते एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपते. डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यात टक्के नव्हतेच. ते मागाहून कोणीतरी चिकटविले. दुसरी समजूत अधिक घातक आहे. काही मुले डोळ्यांनी शिकणारी, काही कानांनी, काही हातांनी, आणि ज्याची जी जात त्यास त्याच मार्गाने शिकवावे, असे सांगितले जाते. २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या मतामागील पुरावा तपासला. तो पुरेसा नाही असे त्यांस आढळले. मुलांस आवडीनिवडी असतात, पण हा मुलगा कानाचा म्हणून त्यास चित्र दाखवू नये, हा न्याय कोणता? आकार असेल तेथे डोळे व बोटे, ताल असेल तेथे कान, वजन असेल तेथे हात, असे विषय पाहून ठरवावे. मुलावर शिक्का मारू नये.

शिक्का मारण्यापूर्वी आणखी एक तपासणी व्हावयास हवी. ज्या मुलास आपण मंद म्हणतो त्याची इंद्रिये धड आहेत काय? खेड्यात मुलांचे कान वाहतात आणि घरचे लोक ते मनावर घेत नाहीत. असे मूल वर्गात अर्धेच शब्द ऐकते. दूरचे न दिसणारे मूल फळ्यावरील अक्षरे शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविते आणि नकल्या ठरते. मुलामागे उभे राहून, त्यास आपले ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, हलक्या आवाजात चार शब्द म्हणवून घ्यावेत. वीस फुटांवरून फळ्यावरील अक्षर एकेक डोळा झाकून वाचवून घ्यावे. ही वैद्याची परीक्षा नव्हे, पण कोणास आरोग्य केंद्रात पाठवावयाचे एवढे तिने कळते. ज्यास मुळीच दिसत नाही त्याच्यासाठी ब्रेल आहे. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरलेली आहे, आणि तिच्यात मराठी बोटांनी वाचता येते.

डोळ्यांविषयी थोडे सांगतो. आपल्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय आकृत्यांसह लिहून काढला. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी आणि त्यांचे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे विषय ज्या शास्त्रात येतात, ते शास्त्र नजरेसमोर पसरून मांडावे असे त्या सत्पुरुषास वाटले. तक्त्याची थोरवी सांगण्यास आपल्यास दूर जावे लागत नाही. मात्र तक्ता विषयापुरता असावा. २०१४ साली अमेरिकेतील एका प्रयोगात, चित्रांनी गजबजलेल्या भिंतींच्या वर्गात बालवाडीच्या मुलांचे लक्ष अधिक उडाले आणि शिकणे कमी झाले, असे आढळले. आपल्या बोलक्या भिंती कधीकधी एकाच वेळी इतक्या बोलतात की शिक्षकाचे बोलणे ऐकू येत नाही! जो धडा चालू आहे त्याचे एकच चित्र समोर असावे. त्याहून उत्तम म्हणजे चित्र मुलाने स्वतः काढावे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात २०१६ साली असे दिसून आले की पुन्हा पुन्हा लिहिलेल्या शब्दांपेक्षा ज्यांची चित्रे काढली ते शब्द अधिक आठवतात, आणि चित्र सुबक असण्याचीही गरज नसते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चलच्चित्र डोळ्यांस व कानांस पोहोचते. हात तेथे रिकामेच राहतात.

हातांसाठी आपल्याकडे विषयांची वाण नाही. भूगोलात मांजरा नदी घ्या. शाळेच्या अंगणात ओल्या मातीचा बालाघाट उठवावा, पाटोद्याकडील डोंगरातून काडीने नदीची रेघ काढावी, धनेगावापाशी धरणाचा बांध घालावा, आणि वरून तांब्याने पाणी सोडावे. पाणी कोठे तुंबते, कोठून वाहते, धरण येथेच का घातले, हे मुले आपण होऊन सांगू लागतात. पुढे नदी तेलंगणातून वळसा घेऊन गोदावरीस मिळते, तो वळसाही बोटाने काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी माती मोडून टाकावी आणि सर्व नकाशा न पाहता धुळीत काढण्यास सांगावा. हे मोडणे विसरू नये.

वजनाच्या धड्यात आपली मुले शिक्षकाहून तरबेज निघतील. उसाची मोळी उचलणाऱ्या हातांस भाराचा अंदाज असतो. त्यास किलोग्रॅम हा शब्द तेवढा जोडून द्यावयाचा आहे. ज्वारीची पिशवी हातात तोलून आधी अंदाज सांगावा, मग तराजूत घालावी, आणि चूक किती झाली ती वहीत मांडावी. वजाबाकी तेथे आपोआप येते, आणि पुढे काट्यावर बापाच्या उसाचे वजन होईल तेव्हा ते मूल आकड्याकडे पाहील. डोळे मिटून मालदांडी व दगडी ज्वारीचे दाणे ओळखण्याची पैज लावली तर वर्ग हलता हलत नाही.

नाक हे शाळेत सर्वांत उपेक्षित इंद्रिय होय. तुळस, कडुलिंब, अडुळसा, सीताफळ यांची पाने चुरगाळून वास घ्यावा, डोळे मिटून नाव सांगावे, मग ते लिहावे. जिभेच्या धड्यास मात्र मर्यादा हवी. घरात रोज खातो तेवढेच चाखावयाचे, हा नियम वर्गात प्रथम दिवशीच सांगावा. धोत्र्याचे फळ व एरंडाचे बी विषारी आहे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. त्यांची ओळख दुरून करून द्यावी, आणि तीही अवश्य करून द्यावी, कारण उसाच्या फडाकाठी या मुलांचा दिवस अशा झुडपांतच जातो.

आता जाणाऱ्या मुलांविषयी. कोणती कुटुंबे केव्हा निघणार हे गावात आधी कळते. निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस त्या मुलांस नवे काही शिकवू नये असे मी सुचवितो. प्रत्येकाबरोबर पुस्तकावाचून नेता येईल असा थोडाच ऐवज ठरवावा: दोन-तीन पाढे, बाराखडीच्या काही ओळी, चालीवर म्हणावयाची एक कविता, मांजरेचा नकाशा, वीस-पंचवीस शब्द. यातील प्रत्येक गोष्ट तिकडच्या एखाद्या नित्याच्या कामाशी बांधून द्यावी. पाणी आणताना पाढा म्हणावयाचा. वाढ्यांच्या पेंढ्या मोजताना पाच-पाचांचे गट करावयाचे. चुलीपुढच्या राखेत बोटाने शब्द काढावयाचे. धाकट्या भावंडास निजविताना कविता म्हणावयाची. काम हाती आले की धडा ओठांवर यावा, जसा खुंटा हाती आल्यावर ओवी येई. ज्या मुलास भावंड आहे त्यास सांगावे की तू त्याचा गुरुजी. शिकविण्यासाठी त्यास रोज आठवावेच लागेल. आईबापांसही निघण्यापूर्वी भेटून हे सांगावे. तोडीवरून थकून आलेल्या बापाने मुलाकडून एक पाढा ऐकून घेण्यास अक्षरओळख लागत नाही.

मूल परत येईल त्या दिवशी पुस्तक उघडू नये आणि काय विसरलास असेही विचारू नये. नेलेला ऐवज एकेक करून मागावा. आठवले नाही तर उत्तर न सांगता खूण द्यावी: चुरगाळलेले पान नाकाशी न्यावे, चिंचोके हाती द्यावे, कवितेची चाल नुसती गुणगुणावी. एका वहीत मुलाच्या नावापुढे तीन रकाने आखावेत: आपण होऊन आठवले, खुणेने आठवले, आठवले नाही. दुसऱ्या रकान्यात बरीच भर पडेल अशी माझी अपेक्षा आहे. ते धडे मुलाने गमावलेले नसतात, त्यांची वाट तेवढी बुजलेली असते, आणि आठवडाभरात ती मोकळी होते. तिसऱ्या रकान्यातील धडे पुन्हा नव्याने, दुसऱ्या इंद्रियाच्या वाटेने शिकवावेत. चैत्रानंतरच्या आपल्या सभेस प्रत्येकाने ही वही बरोबर आणावी. कोणत्या शाळेत कोणती खूण लागू पडली, हे तेव्हा आपण एकमेकांच्या वह्यांवरून ताडून पाहू.